वरच्या बांधीचं पाणी

तलावाचं पाणी गोकुल विहारच्या सिमेंट रस्त्यावरून फुकट वाहत होतं, आणि त्या रस्त्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुंदाबाईचे परे पिवळे पडत होते.

परे म्हणजे धानाची रोपं. एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, बी दाट टाकायचं, रोपं वीतभर वर आली की उपटायची आणि चिखल केलेल्या बाकीच्या बांध्यांत रोवायची. वेळेत रोवली तर धान. वेळ टळली की काडीला आतून गाठी धरतात, मग ती रोवा नाहीतर जनावरापुढं टाका, सारखंच. या वर्षी पाऊस सुरुवातीला धो धो आला, परे उगवून देऊन गेला तो गेलाच. आभाळ रोज भरून यायचं, बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं ढगांखाली घिरट्या घालत राहायची, आणि दिवस मावळेपर्यंत अंगणात एक थेंब नाही.

उजाडलं की कुंदाबाई विहिरीवर. दोन बाल्ट्या ओढायच्या, बांधीच्या कडेच्या मातीच्या धुऱ्यावरून तोल सांभाळत जायचं, पऱ्यांवर हातानं शिंपडायचं, परत यायचं. बाल्टीच्या कडीनं तळव्यांना वळ पडले होते. ओलं लुगडं पोटऱ्यांना घासून घासून कातडं लाल झालं होतं. विहिरीचं पाणी परे जिवंत ठेवण्यापुरतं. बांधी भरून चिखल करायचा तर तलावच पाहिजे.

आणि तलाव भरलेला होता. पलीकडच्या शेतकऱ्यांसाठी त्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडलेलंही होतं. तुडमातून निघालेल्या पाण्याचा एक फाटा अलीकडे यायचा. कॉलनीच्या नालीतून यायचा, तिच्या थोरल्या दिराच्या, केशोरावच्या घरापाशी नाली संपायची, तिथं पाणी अडायचं, वळायचं आणि रस्त्यावरून पसरत रेल्वेच्या खड्ड्यात जाऊन मरायचं.

त्या सकाळी ती बाल्ट्या खाली ठेवून ते पाणी बघत उभी राहिली. सकाळच्या फेरीला निघालेली माणसं पायजमे वर धरून चालत होती. कॉलनीचे अध्यक्ष नंदलालजी, गोंदियाच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले, चपला हातात घेऊन तिच्यापाशी आले.

"कुंदाबाई, ये पानी कब बंद होगा? तुम लोगों का तालाब है ना?"

"बंद कायले करता जी? आमच्याकडं वळवून द्या. आमी दोनी हातानं घेतो."

"अरे, मैं कैसे वळवून देऊ? दीवार तुम्हारे जेठ की है. उनसे बोलो."

"तेच तं बोलता नाही येत," कुंदाबाई म्हणाली आणि बाल्ट्या उचलल्या.

गोकुल विहार हे नाव काल-परवाचं. गाव पारटोला. तलावाच्या पारीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, वसलेलं म्हणून पारटोला. तो तलाव कुंदाबाईच्या नवऱ्याच्या, ईश्वरदासच्या, पूर्वजांनी बांधला. जात कोहळी, आणि कोहळ्यांचं कामच ते. जागा हेरायची, पार घालायची, पाणी अडवायचं. पार घालताना पाठी मोडल्या कोहळ्यांच्या, कागदावर नाव लागलं मालगुजार जमीनदाराचं. मग गोंदियाला रेल्वे आली. बिडीचे कारखाने आले, राईस मिली आल्या, आणि पारटोल्याच्या बाया पावसाळ्यात परे रोवू लागल्या नि उरलेलं वर्ष बिड्या वळू लागल्या. मग गोंदिया फुगत फुगत गावापर्यंत आलं. आधी एक वेल्डिंगचं दुकान, मग लग्नाचं लॉन, मग टाय घालायला लावणारी शाळा, मग प्लॉट, मग फ्लॅट. बांध्यांना नावं होती. बेलाची बांधी, डोहाची बांधी, म्हातारीची बांधी. त्यांचे झाले नंबर. आता ऑटोवाल्याला पारटोला सांगितलं तर तो म्हणतो, वो किधर पड़ता है? विहार गेट म्हटलं की आणून सोडतो. गाव मेलंही नाही. मेलं असतं तर निदान कोणी रडलं असतं. त्याला नाव बदलून कामाला लावलं. ज्यांच्या बांध्या गेल्या त्यांच्याच सुना त्याच जागेवरच्या स्वयंपाकघरांत भांडी घासतात, आणि मालकीण विचारते, तुम्ही लांबून येता का हो?

ईश्वरदासच्या थोरल्या भावानं, केशोरावनं, वरच्या बांध्या बिल्डरला विकल्या. खालचा एक प्लॉट ठेवून त्यावर टाइलचं घर बांधलं. गेल्या उन्हाळ्यात घरामागं छातीएवढी भिंत घातली. ती भिंत बरोबर जुन्या धुऱ्यावर. भिंतीच्या पलीकडे केशोराव, अलीकडे ईश्वरदासच्या बांध्या.

पारटोल्यात पाण्याचे वेगळे पाट कधी नव्हतेच. तुडमाचं पाणी पहिल्या बांधीत शिरायचं, ती भरली की तिच्या धुऱ्याला तोंड पाडून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. आणि तोंड पाडायचं ते वरच्या बांधीच्या धन्यानं, स्वतःच्या हातानं. खालच्यानं वरच्याच्या धुऱ्याला फावडं लावलं तर ती चोरी. असल्या घरात पारटोला मुलगी देत नसे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भाऊ आंब्याच्या फांदीवरून भांडले होते, विक्रीच्या वेळी विहिरीवरून भांडले. पाण्याच्या वाटेचं नाव ना एकाच्या तोंडून निघालं ना दुसऱ्याच्या. पाणी वरून खाली येतं, यात बोलायचं काय होतं? शहाणी माणसं अशी फसतात. बिल्डर कशाला आठवण करून देईल?

संध्याकाळी जेवताना पोरगा धर्मेंद्र कोपऱ्यातल्या पहारीकडं बघत म्हणाला, "बाबा, मी सबल घेतो अन् भोक पाडतो. घंटाभराचं काम. नाही तं पाईप टाकू भितीवरून."

धर्मेंद्र ऑटो चालवायचा. त्याला सगळ्या गोष्टी घंटाभराच्याच वाटायच्या.

"हात नोको लावू," ईश्वरदास ताटातून मान वर न करता म्हणाला.

"मंग परे वाळू द्याचे का?"

"वाळू दे. चोर म्हनून नाही घ्याचं मले."

"मंग जा ना, मोठ्या बाबाले सांग तोंड पाडाले. तुया सख्खा भाऊ होय ना?"

ईश्वरदासनं ताटातच हात धुतला आणि उठून हेल्यांकडं गेला. हेले म्हणजे त्याच्या नांगराचे दोन रेडे. कॉलनीतून जाताना ते शेण टाकायचे म्हणून नंदलालजींनी दोनदा सुनावलेलं. ईश्वरदास त्यांची मान खाजवत उभा राहिला, जसं काही त्या दोघांशी सल्लामसलत चालू आहे.

भावाभावांचं बोलणं विक्रीच्या वर्षापासून बंद होतं. चहाच्या टपरीवर चार लोकांत ईश्वरदास म्हणाला होता, तलाव तुया नावावर नाही म्हनून वाचला, नाही तं तोबी विकला असतास. केशोराव म्हणाला होता, तू चिखलात जलमला, चिखलातच मर. तेव्हापासून एक म्हणतो, त्यानं यावं. दुसरा म्हणतो, मी पाय धरायला जाणार नाही. दोन पिकलेल्या डोक्यांच्या नाकांपायी पऱ्यांचा जीव चालला होता.

आणि कुंदाबाईला जाता येत नव्हतं, कारण केशोराव तिचे भासरे. नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर लहान सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच चुलीवर राहत होते तेव्हाही काही सांगायचं तर थोरल्या जावेला, फुलवंताबाईला सांगायचं, नाहीतर भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं बोलायचं. केशोरावही तसेच. दोन खोल्यांच्या घरात माणसं भिंतींशी बोलून संसार करत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं एक परा उपटून दाताखाली काडी चावली. अजून मऊ होती. फार तर आठवडा. तिनं हात लुगड्याला पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि कॉलनीच्या रस्त्यानं निघाली.

केशोरावच्या दारात रुख्मा फरशी पुसत होती. ही तीच रुख्मा, जिच्या मागं पारटोल्याच्या सगळ्या बाया रोवणीला रांगेत उभ्या राहायच्या. आता सकाळी चार घरची फरशी.

"पाय पुसून ये व बाई," रुख्मा हळूच म्हणाली. "मले नाही काही, पन मालकीनबाई पाहून राहिली."

कुंदाबाईनं पायपुसण्यावर पाय घासले. टाचांच्या भेगांतला चिखल निघेना. ती आत आली, आणि रुख्मानं तिच्या पावलांवरून मागंमागं पोछा फिरवला. कुंदाबाईनं ते पाहिलं. रुख्मानंही ती पाहते आहे हे पाहिलं. दोघींनी नजर काढून घेतली.

फुलवंताबाई गाऊन घालून सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. गुडघे सुजलेले. "बस व कुंदा. खाली कायले बसतस, वर बस."

"लुगडं ओलं हाय, बाई."

आतल्या खोलीच्या दारातून केशोरावचे नुसते पाय दिसत होते. टीव्हीचा आवाज कमी झाला.

"बाई, त्यायले सांगा," कुंदाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून म्हणाली, "पानी रस्त्यानं चाललं. भितीले तोंड पाडून देल तं आमच्या बांध्या भरतीन."

"ऐकलं का जी?" फुलवंताबाई आत बघून म्हणाली.

"तिले विचार," आतून आवाज आला, "ईश्या काऊन नाही आला? त्याचे पाय मोडले का?"

"त्यायले सांगा, हेल्याले चारा टाकून राहिले."

"तिले म्हन, टपरीवर बोलाले तोंड होतं, घरी याले नाही?"

"त्यायले सांगा..."

"आता मी पोस्टमन होय का?" फुलवंताबाई गुडघा चोळत म्हणाली. "इकडून तिकडं, तिकडून इकडं. माये पाय दुखून राहिले, जीभबी दुखाले लावता का?"

रुख्मा दारात फिसकन हसली. कुंदाबाईला हसू आलं नाही. घड्याळाचा काटा सरकत होता, तेवढं तिला दिसत होतं. मग ती वळली. दाराकडं तोंड करून, सरळ त्या पायांकडं बघत म्हणाली,

"दादाजी, मीच सांगतो."

आतले पाय हलायचे थांबले. फुलवंताबाईचा हात गुडघ्यावरच राहिला.

"तुमी भावाची वाट पाहून राहिले, भाऊ तुमची वाट पाहून राहिला. पऱ्याले तेवढा टाईम नाही. भीत तुमची होय. मी सबल घेऊन येनार नाही अन् पोराले येऊ देनार नाही. तोंड पडन तं तुमच्या हातानं. नसन पाडाचं तं तसं सांगा. मी उद्या सारे परे उपटून हेल्यायपुढं टाकतो. रोज रोज पानी शिंपून मले नाही मारत बसाचं त्यायले."

ती उठली, बाहेर आली. फाटकापर्यंत आल्यावर तिला कळलं की पदर डोक्यावरून केव्हाच खांद्यावर आला होता. रस्त्यावरच्या पाण्यात तशीच उभी राहून तिनं तोंडावर दोन ओंजळी मारल्या. घरी येऊन तिनं कोणाला काही सांगितलं नाही. ईश्वरदासनं विचारलं, कोठी गेली होतीस? म्हणाली, मराले.

सकाळी ती विहिरीवर गेली नाही. विळा घेऊन पऱ्यांच्या बांधीशी गेली आणि धुऱ्यावर बसून राहिली. पहिली मूठ उपटायला हात होत नव्हता. रोपं तिनं शिंपलेल्या पाण्यानं तेवढी तेवढी हिरवी होती.

धप्प, असा आवाज आला. मग पुन्हा धप्प.

भिंतीमागून येत होता. लोखंड विटेवर आपटल्याचा. मधे बराच वेळ थांबायचा, कोणीतरी खोकायचं, मग पुन्हा धप्प. ईश्वरदास गोठ्यातून बाहेर येऊन उभा राहिला होता. आवाज कशाचा ते त्यालाही कळलं होतं. मग त्यानं गोठ्याला टेकवलेलं फावडं घेतलं, बांध्या ओलांडत गेला आणि भिंतीच्या आपल्या बाजूनं माती ओढू लागला. आपली बाजू आपली. तिथं फावडं लावायला कोणाची परवानगी नको.

भिंतीच्या पलीकडे एक भाऊ ठोकत होता, अलीकडे एक भाऊ उकरत होता. धर्मेंद्र ऑटो काढायचा सोडून धुऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मी जाऊन मारू का चार घाव? मोठ्या बाबाचा दम भरून राहिला."

"बस खाली," कुंदाबाई म्हणाली. "मरत नाही ते."

सबलीचं टोक विटेतून बाहेर आलं. ईश्वरदासच्या फावड्याला लागून ठणकलं. दोन्ही हत्यारं थांबली. मग टोक आत गेलं, पुन्हा आलं, वीट निखळून ईश्वरदासच्या पायाशी पडली. त्या भोकातून आधी केशोरावचा हात दिसला. तळव्यावर फोड फुटून कातडं लोंबत होतं. ऑफिसात बसणाऱ्याचा हात नव्हता तो, पण नांगर सोडून वर्षं झाली होती.

"खालून आनखीन उकर," भोकातून आवाज आला. "नाही तं पानी धुरा घेऊन जाईल तुया."

"उकरून राहिलो," ईश्वरदास म्हणाला.

एवढंच. त्याहून जास्त प्रेम त्या दोघांना झेपलं नसतं.

केशोरावनं घराच्या बाजूच्या बोळाच्या तोंडाशी घातलेला विटांचा उंबरा काढला, रस्त्यावर मातीच्या गोण्या आडव्या टाकल्या. नंदलालजी धावत आले. "अरे केशोरावजी, ये क्या तोड़फोड़? सोसायटी में पूछा किसी को?"

फुलवंताबाई गाऊनवर ओढणी घेऊन पायऱ्यांवर उभी होती. "पूछना क्या है? रस्ता सूखा मंगता का गीला मंगता?"

"सूखा."

"तो जाने दो पानी को उसके घर."

नंदलालजींनी रस्त्याकडं पाहिलं. पाणी गोण्यांपाशी थबकलं होतं, हळूहळू बोळाकडं वळत होतं. त्यांनी चपला हातातून खाली टाकल्या, पायात घातल्या आणि म्हणाले, "ठीक है, ठीक है. मेरा क्या है." आणि जाता जाता एक गोणी पायानं सरळ करून गेले.

पाणी फुलवंताबाईच्या कुंड्यांमधून, कपडे धुवायच्या यंत्राच्या पायांखालून, बोळातून गेलं. भिंतीच्या भोकाशी गोळा झालं, कचरा, एक दुधाची पिशवी, साबणाचा फेस पुढं ढकलत ईश्वरदासच्या बांधीत उतरलं. तहानलेल्या मातीनं आधी सगळं पिऊन टाकलं. भेगांतून बुडबुडे आले, किडे बाहेर पळाले, बगळे कुठून आले कोण जाणे. दुपारपर्यंत बांधीवर आभाळ दिसू लागलं.

कुंदाबाई धुऱ्यावर बसून होती ती बसूनच राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती झोप. गुडघ्यात डोकं घालून ती उन्हात चक्क झोपली, तोंड उघडं टाकून, आणि धर्मेंद्रनं तिच्या डोक्यावर आपला गमछा टाकला.

पुढचे दिवस चिखलाचे. ईश्वरदासनं हेले जुंपले. पोटापर्यंत चिखलात बुडलेले ते काळे राक्षस नांगर ओढत गोल फिरत होते, आणि तो मागून त्यांच्या सात पिढ्या काढत होता. एवढ्या मायेनं शिव्या त्यानं किती दिवसांत दिल्या नव्हत्या. केशोराव सकाळ-संध्याकाळ भोकाशी येऊन वाकून बघायचा. एक बांधी भरली की ईश्वरदास हात वर करायचा, केशोराव फळी लावून पाणी बंद करायचा. बोलणं अजूनही मापातलंच होतं.

रोवणीला बाया मिळणार नाहीत याची कुंदाबाईला खात्री होती. कॉलनीची घरं सोडून कोण येतं? पण रोवणीच्या दिवशी उजाडायच्या आत रुख्मा आली, आणि तिच्या मागं आणखी सहा-सात जणी.

"आज भांडे घासाले कोनी नाही जात," रुख्मा लुगडं खोचत म्हणाली. "दोन नंबरच्या मॅडमले फोन केला, ताप आला म्हनून. ते म्हनते, सगळ्यायले एकदमच कसा आला?"

"मंग काय सांगतलस?"

"सांगतलं, पानी बदललं."

बाया चिखलात उतरल्या. रांगेत वाकल्या, पेंढ्या फेकल्या जाऊ लागल्या. डाव्या हातात मूठ, उजव्या हातानं दोन-तीन काड्या वेगळ्या काढून चिखलात खुपसायच्या, मागं सरकायचं. पाठीचे मणके मोजता यावेत अशा वाकलेल्या पाठी. थोड्या वेळानं फुलवंताबाई आली. साडी गुडघ्यापर्यंत वर, हातात काठी.

"बाई, तुमी कायले आल्या? गुडघे पाहा तुमचे," कुंदाबाई म्हणाली.

"गुडघे सोफ्यावर बसून सुजले. चिखलात बसन सूज." तिनं काठी धुऱ्यात रोवली आणि उतरली. दोन ओळी झाल्यावर तिचा पाय रुतला आणि ती बसकन चिखलात बसली. सगळ्या बाया एकदम हसल्या, ती सगळ्यांत जास्त. दोघींनी बगलेत हात घालून तिला उपसून काढलं. संध्याकाळपर्यंत ती धुऱ्यावर बसून नुसत्या सूचना देत होती, रांग वाकडी चालली, रुख्मे, तुया हात जड झाला, पोछा मारून मारून.

दिवस मावळता शेवटची बांधी रोवून झाली. बाया घरी गेल्या, कंबरा धरून, एकमेकींना शिव्या देत.

रोवलेलं धान पहिले दिवस मरगळतं. पानं पिवळी पडून पाण्यावर लोळतात, आणि नवख्याला वाटतं, गेलं. कुंदाबाईला माहीत होतं, तरी ती रोज सकाळी जाऊन बघायची. केशोरावनं एकदा भोकातून विचारलं, "उठले का परे?" ती म्हणाली, "अजून नाही जी." पदर डोक्यावर होता, पण तोंड भिंतीकडं नव्हतं.

मग एका सकाळी बांधीचा रंग बदललेला दिसला. दुरून आधी वाटलं उजेडामुळं. ती चिखलात उतरली, कडेच्या एका झाडाला दोन बोटांत धरलं आणि वर ओढलं. आलं नाही. थोडं जोरानं ओढलं, तरी आलं नाही. पान तुटून हातात आलं, झाड मुळं धरून जागच्या जागी राहिलं.

तिनं ते पान चावलं, थुंकलं आणि हेल्यांना चारा टाकायला निघाली.